तेलाच्या डब्यावरची गाठ

सुलभावहिनी गेल्याचा फोन माझ्या मुलाने, नितीनने केला. तो दवाखान्यातूनच बोलत होता. मी ऐकलं आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "डॉक्टरनं नीट पाहिलं ना?"  मग नितीन म्हणाला, "बाबा, आता तुम्ही बी सुरू झाले का?" फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं, ते वाक्य माझं नव्हतंच. ते वहिनींचं. दूधवाला असो, गॅसवाला असो की मुलीच्या लग्नाचा मुहूर्त काढणारे गुरुजी असोत, "नीट पाहिलं ना?" हा त्यांचा सवाल चुकला नाही. इतकी वर्षं ऐकून ऐकून तो माझ्याही जिभेवर बसला. आज त्यांना जाऊन दीड महिना होत आला. तरी चौबे कॉलोनीतल्या त्यांच्या घरावरून जाताना वाटतं, आत्ता खिडकीचा पडदा हलेल आणि कुणीतरी आपल्याला तपासून घेईल...

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाच्या, वसंतदादाच्या पत्नी. लग्न होऊन अमरावतीहून रायपूरला आल्या आणि इथल्या नापतौल खात्यात, म्हणजे आपल्या वजनमापे खात्यात, निरीक्षक म्हणून लागल्या. दुकानदारांचे काटे, पेट्रोल पंपांची मापं तपासायची, बरोबर निघाली तर सील ठोकायचं, हे काम. माणूस नोकरी करतो तशी नोकरीही माणसाला घडवत असते. त्या कामाचा एक नियम त्यांच्या हाडीमाशी खिळला होता. दुकानदाराला कधी विचारायचं नाही. विचारलं की तो सावध होतो. मुकाट्यानं गिऱ्हाईक होऊन जायचं, माल घ्यायचा आणि मग मोजायचा. निवृत्तीनंतर खातं सुटलं, नियम सुटला नाही. लग्नाच्या पंगतीत पुरी वाढली की आधी ती नाकाशी जायची, मग तोंडाशी. यजमान ओशाळायचे. मी शेजारी बसून खाली मान घालायचो.

आणि ती गाठ! घरातला प्रत्येक डबा, प्रत्येक थैली वहिनी लाल सुतळीने बांधायच्या, आणि गाठ अशी की एकदा सोडली की दुसऱ्याला पुन्हा तशी मारता येऊ नये. नितीनची आई तो लहान असतानाच गेली. त्याला वाढवलं वहिनींनी, तो त्यांना मोठी आई म्हणायचा. शाळेत असताना त्याने एकदा लाडवांचा डबा उघडला, लाडू खाल्ला आणि मोठ्या हुशारीने सुतळी पुन्हा बांधून ठेवली. संध्याकाळी वहिनींनी लांबूनच गाठ पाहिली आणि डबा न उघडताच म्हणाल्या, "नितीन, लाडू कसा झाला होता रे?" पोट्टा रडायलाच लागला. ही गाठ मलाही शिकवा म्हणून मी कितीदा मागे लागलो असेन. मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात आयुष्य काढलं, गाठींशी माझंही थोडंफार नातं. पण त्यांचं उत्तर ठरलेलं. "भाऊजी, ज्याले गाठ शिकवली त्याच्यापुरतं सील मोडलं. मंग बांधायची कायले?"

त्यांच्या संशयाला एक जुनी जखमही होती, इंधनाची. दादा शेतकी खात्यात होता. छत्तीसगडात रतनजोतीची लाट आली होती त्या दिवसांतली गोष्ट. रतनजोतीच्या बियांपासून डिझेल निघणार, पडीक जमिनीतून गाड्या धावणार, असं जो तो सांगायचा. दादाने गावोगाव हिंडून ती झाडं लावून घेतली, लोकांना शब्द दिला. झाडं वाढली, बियाही आल्या, पण घेणारा आला नाही. दादाला ते फार लागलं. पुढे कुठल्याही गावाला जाताना कुंपणाला ती झाडं दिसली की तो दुसरीकडे पाहायचा. वहिनी मात्र बोट दाखवायच्या. "पाहा, तुमच्या दादाचं डिझेल. बकरी बी तोंड लावत नाही." दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. झाडाचं, तेलाचं, हिरवं इंधन असं काही कानावर आलं की वहिनींचं नाक आपोआप वर व्हायचं.

पण गंमत अशी की त्याच इंधनाच्या मागे त्यांना लागावं लागलं, आणि तेही चकलीपायी. त्यांची मुलगी मेधा मेलबर्नला असते. दरवर्षी दिवाळीच्या आधी वहिनी कॉलोनीतल्या मराठी बायांना जमवून फराळ करायच्या आणि ज्याची त्याची खोकी परदेशी रवाना व्हायची. नात ईरा हिचा आजीच्या चकलीवर भारी जीव. एका वर्षी व्हिडिओवर ती म्हणाली, "आजी, या वेळी चकली नको पाठवू." शाळेत त्यांना शिकवलं होतं की माल विमानाने नेला की जहाजापेक्षा कितीतरी जास्त धूर होतो, पृथ्वी तापते. पोरगी वाईट बोलली नव्हती. उलट चकली सोडणं तिला जड गेलं असणार, कारण बोलताना तिचे डोळे भरले होते. वहिनी हसून "बरं" म्हणाल्या. पण फोन बंद झाल्यावर भाजणीच्या डब्यापुढे बराच वेळ तशाच बसून राहिल्या. "भाऊजी, जहाजानं पाठवली त चकली होळीले पोचते. मंग त्या पोरीले काय खवट चकली चारू?" नवरा गेलेला, लेक दूर. नातीशी बांधणारी ती एक चकली होती, आणि तीही आता पापाची झाली.

मग चौकशा सुरू झाल्या. कुरियरच्या काउंटरवर मीही सोबत होतो. तिथल्या मुलाने सांगितलं, थोडं जास्त भरलं की हिरवी सेवा मिळते, तुमच्या पार्सलच्या वाट्याचं स्वच्छ इंधन वापरलं जातं आणि प्रमाणपत्रही येतं. वहिनींनी चष्मा पुसला.

"कोणत्या विमानात टाकता ते इंधन? याच?"

"नहीं आंटी, इसी में नहीं। कहीं और के हवाई जहाज़ में पड़ता है। हिसाब आपके नाम चढ़ जाता है।"

"म्हणजे माझी चकली धुरातच जाईल, आन् पुण्य दुसऱ्याच्या चकलीले?"

मुलगा गोंधळून हसला. प्रमाणपत्र न घेताच आम्ही बाहेर पडलो. मला आजही ती पद्धत पुरती पटलेली नाही. जाणकार सांगतात, इंधन कुठेही पडलं तरी आकाश एकच. असेलही. पण वजनमापे खात्यातल्या बाईने काट्याचं पारडं डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

उत्तर घरातच निघालं. नितीनने त्या सुमारास हॉटेलांतलं, ठेल्यांवरचं, घराघरांतलं वापरून झालेलं तळणाचं तेल गोळा करायचं काम धरलं होतं. निळे डबे घेऊन फिरायचा, तेल गोदामात पिंपांमध्ये ओतायचा आणि नवा रायपुरात ऑफिस असलेल्या एका कंपनीमार्फत माल दूर समुद्राकाठच्या कारखान्यात जायचा. "मोठी आई, तिथं याचंच हवाई जहाज का तेल बनते. तुझ्या चकलीच्या तेलावर विमान उडते समज!" वहिनींच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. आनंद होता, आणि त्याच्या मागोमाग लगेच संशय. कारण खात्यातल्या माणसाला पक्कं ठाऊक असतं की वापरलेलं तेल गोळा करणारे पुष्कळदा ते गाळून पुन्हा ठेलेवाल्यांनाच विकतात, आणि तेच तेल भज्यांतून आपल्या पोटात जातं. त्यांनी नितीनला काहीच विचारलं नाही. नियम तो नियम. मला तेवढं म्हणाल्या, "गाडी काढा. तात्यापाऱ्यात भजे खायचे आहे." खाण्याची ही हौस कधीपासून, असं मनात आलं. पण फुकटची भजी कोण सोडतो?

आठवडाभर आम्ही तात्यापाऱ्याच्या बाजारातल्या ठेल्यांवर भजी खाल्ली. वहिनी हुंगायच्या, चाखायच्या, कढईकडे पाहायच्या. एका ठेल्यामागे नितीनचा निळा डबा ठेवलेला होता. मी म्हटलं, "अरे, हा त आपल्या पोट्ट्याचा डबा." वहिनींनी फक्त हातातलं भजं नाकाशी नेलं. खरं तर तिथेच ठेलेवाल्याला एक प्रश्न विचारला असता तरी विषय संपला असता. डबा रिकामा होता. दिवसभराचं जळकं तेल भरून नितीनला द्यायला ठेवला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातली गत. माझ्याच मुलाच्या मागावर मला सोबत घेऊन त्या हिंडत होत्या, आणि मी त्यांच्या बाजूला बसून मिरचीची चटणी मागत होतो.

पुढचं मला नंतर कळलं. दिवाळीच्या तळणानंतर कॉलोनीतल्या सगळ्या घरांचं तेल वहिनींकडे जमलं. त्यांनी कोठीतून जुन्या स्टोव्हच्या काळातल्या रॉकेलच्या बाटल्या काढल्या आणि प्रत्येक डब्यात ओतल्या. हिशेब सरळ होता. हे तेल कुणी भज्यांसाठी विकलं तर वासाने पकडलं जाईल, कुणाच्या तोंडात घास जाणार नाही. आणि खरंच विमानासाठी गेलं तर? विमानाचं इंधन म्हणजे तरी काय, रॉकेलचंच भावंड. पेट्रोल पंपांवरच्या भेसळी पकडण्यात ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली, त्यांना हे पाठच होतं. रॉकेलच्या घरी रॉकेल गेलं तर बिघडलं कुठे? वर लाल सुतळीची गाठ मारली आणि डबे नितीनच्या हवाली केले. त्याने पायाला हात लावला. वहिनींनी आशीर्वादही दिला.

त्यानंतर पुन्हा तात्यापारा, पुन्हा भजी. वास नाही. वहिनी दिवसेंदिवस अस्वस्थ. आणि एका दुपारी मी त्यांच्याकडे चहाला बसलो असताना नितीन आला. दारातच खाली बसला. त्याची अख्खी खेप कारखान्याने परत पाठवली होती. तिथे तपासणीत तेलाने ठरल्यापेक्षा फार लवकर पेट घेतला. एका पिंपात मिट्टीतेल, म्हणजे रॉकेल, निघालं. कंपनी म्हणत होती की माल वाढवायला नितीननेच ते मिसळलं. त्याचं काम बंद.

"बाबा, माह्या डोक्यात काहीच नाही येऊन राहिलं. मिट्टीतेल आलं कुठून? सगळे मले चोर समजून राहिले."

वहिनी एकदम उठून उभ्या राहिल्या. "म्हणजे ते तिथं पोचलं? कारखान्यात?"

"हव. पोचलं म्हणून त परत आलं ना!"

"खरंच पोचलं, नितीन?"

देवाशपथ सांगतो, त्या क्षणी त्या बाईचा चेहरा उजळला होता. चकली पापातून सुटली, पोरगा खरा निघाला! मग त्यांनी त्या पोराकडे नीट पाहिलं. त्याचे खांदे पडले होते... आणि आपण काय करून बसलो ते त्यांना कळलं. तिथेच, उभ्याउभ्या, त्यांनी सगळं सांगून टाकलं. नितीन ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "मोठी आई, एकदा विचारलं असतं." वहिनी म्हणाल्या, "विचारलं असतं त तू हवच म्हटलं असतं. मंग माह्या मनातली शंका गेली असती का?" हे ऐकून मला त्यांचा इतका राग आला की मी चहाचा कप आपटून घरी निघून आलो. ज्याला मांडीवर वाढवलं, त्याच्या शब्दाची किंमत दुकानदाराच्या काट्याइतकीही नाही?

पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ऑफिसला जायची जुनी कॉटनची साडी नेसून माझ्या दारात उभ्या. "चला, नवा रायपूर." नितीनला घेऊन आम्ही त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवरून कंपनीच्या ऑफिसात पोचलो. समोर एक तरुण मॅनेजर. वहिनींनी किती, कसं, कोणत्या डब्यांत, सारं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मैडम, मैं समझता हूँ। बच्चे को बचाने के लिए घर के लोग कुछ भी बोल देते हैं।"  जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांचं खोटं पकडलं, त्यांचं खरं कुणी घेईना. पण मी त्यांच्या बाजूला बसलो होतो, मला दिसलं. राग येण्याऐवजी त्या त्याच्याकडे कौतुकाने पाहत होत्या. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "मी बी नसता ठेवला विश्वास." मग मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्या दिवशी नाही जमलं तर पुन्हा गेल्या, मग पुन्हा. उरलेल्या बाटल्या नेल्या, कॉलोनीतल्या बायांना साक्षीला नेलं. शेवटी कंपनीने नितीनला परत घेतलं, पण अट घातली. यापुढे प्रत्येक घरचा डबा वेगळा तपासायचा आणि सीलबंद यायला हवा.

मधल्या काळात नितीन त्यांच्याकडे फिरकला नाही. वहिनी रोज संध्याकाळी पायरीवर बसायच्या. मला विचारायच्या नाहीत, मीही सांगायचो नाही. काम परत सुरू झालं त्या दिवशी तो आला, निळा डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि तोंड फिरवून म्हणाला, "घे, बांध. कंपनीले सील पाहिजे." वहिनींनी डबा हुंगला, सुतळी घेतली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी गाठ चुकली नाही. तेव्हापासून कॉलोनीतलं सगळं तेल आधी त्यांच्या ओट्यावर यायचं. त्या वास घ्यायच्या, गाठ मारायच्या, मगच नितीन डबा उचलायचा. गाठ नसेल तर हातही लावायचा नाही.

पुढच्या दिवाळीला चकली गेली. वहिनींनी ईराला व्हिडिओवर सगळी हकिकत सांगितली, रॉकेलसकट. पोरगी खो खो हसली आणि मग तिने विचारलं, "पण आजी, माझा डबा आला त्या प्लेनमध्ये ते तेल होतं का?" वहिनींनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांना इतकं खूश झालेलं मी क्वचितच पाहिलंय. "पाहा, भाऊजी. ही माही नात." मग तिला खरं तेच सांगितलं. या विमानात नसेल, कोणत्या तरी विमानात असेल, आणि तिथेही थोडंसंच, बाकी सगळं जुनंच इंधन. धूर थोडा कमी झाला, थांबला नाही. म्हणून आजी आता फक्त चकली पाठवेल. लाडू तुम्ही तिकडेच करायचे, आजी समोर बसून शिकवेल. पोरीला ते पटलं. मला अजून पटायचंय. कुणाकुणाचे फोन, फुलं, कपडे, उद्या हवेच म्हणून विमानातून चाललेत, तिथे कॉलोनीच्या डब्यांनी काय होणार, ही माझी शंका वहिनींना मी बोलून दाखवली होती. त्या डब्याला गाठ मारत राहिल्या.

तेरवीला घर भरलं होतं. मेधा आणि ईरा आल्या होत्या. वडे तळले, माणसं जेवून गेली आणि परसात तेलाचे डबे तसेच उभे राहिले. आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहत होतो, कुणाला उचलवेना. लाल सुतळीचं रीळ वहिनींच्या खिडकीत होतं तिथेच होतं. नितीन म्हणाला, "बाबा, तुम्ही बांधा." मी पार्सलवाला, बसलो बांधायला. एकदा बांधली, दोनदा बांधली. साधी, कुणीही सोडून पुन्हा मारू शकेल अशी गाठ होत होती. ईरा वाकून पाहत होती. "ही आजीची नाहीये," ती म्हणाली.

तेव्हा नितीनने माझ्या हातातून सुतळी घेतली. दोन्ही टोकं बोटांवर फिरवली, एक फास आतून काढला, दुसरा त्याच्या पाठीवरून घातला आणि ओढलं. तीच गाठ. लाडवांच्या डब्यावरची.

"तुले कधी शिकवली?" मी विचारलं.

"दवाखान्यात. सुतळी नव्हती, तर सलाईनच्या रिकाम्या नळीवर. मी नाही म्हणत होतो, बाबा. ऐकेचना."

मी त्या डब्याकडे पाहत राहिलो. आता नितीन कोणताही डबा उघडू शकतो, हवं ते ओतू शकतो आणि पुन्हा तशीच गाठ मारू शकतो. जगात कुणाला कळणार नाही. हे वहिनींना माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? मला त्यांनी शेवटपर्यंत नाही शिकवली, याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू... सवयीने माझं नाक डब्याच्या तोंडापर्यंत गेलं होतं. ते तसंच मागे घेतलं आणि म्हटलं, "उचल."